उत्तरेकडची फळी

छपरापर्यंत चढणाऱ्या बर्फानं लाकडी भिंती कुजू नयेत, म्हणून आम्ही दरवर्षी बाहेरून फळ्या लावतो. मी प्रत्येक फळीवर दोन थापा मारतो. ती नीट बसली असेल, तर माझी बायको फुमिए आतून भिंतीवर दोन थापा देते. घरात तिसरं माणूस नाही.

उत्तरेकडची शेवटची फळी बसवून मी थापा मारल्या. आतून लगेच दोन आल्या.

"झालं गं, ये बाहेर!"

"भिंतीला काय हाका मारताय?" फुमिए माझ्या पाठीमागे होती. "कधीची चहा घेऊन उभी आहे मी!"

माझा हात फळीवरच होता. तेवढ्यात पुन्हा थाप पडली. भिंतीवर नव्हे, भिंत आणि फळी यांच्यामधल्या चार बोटांच्या फटीतून, नेमकी माझ्या तळहाताखाली.