वर्षाची वर्गणी

दर महिन्याला ताजं मेतकूट घरपोच देणारी हेमलताबाईंची वेबसाईट तयार होती. कार्डाने पैसे घेणारी कंपनी मात्र ठरत नव्हती. दोन उरल्या होत्या. पहिली महाग, पण गिऱ्हाईकाच्या मनगटावरच्या घड्याळातून त्याची प्रकृतीसुद्धा वाचायची आणि वर्गणी मध्येच बंद पडणार नाही अशी हमी द्यायची. दुसरी स्वस्त आणि साधी.

"अहो, तुमचं कार्ड द्या. चाचणी घेते."

आत्माराम खोक्यांना चिकटपट्टी लावत होते. दोघांच्याही मनगटावर मुलाने दिलेली तसलीच घड्याळं होती. "बायकोच्या हातचं मेतकूट आता विकत घ्यायचं? घे, वर्षभराचं टाक."

पहिल्या कंपनीने नकार दिला. बाईंनी सहा महिने केले, तरी नकार. तीन महिने केल्यावर पैसे लगेच घेतले. खाली एक ओळ आली: 'यापुढची पार्सलं घ्यायला हे गिऱ्हाईक नसेल.'

बाईंनी स्वतःचं कार्ड घालून पाहिलं. दहा वर्षांची वर्गणी मंजूर झाली.

त्यांनी मघाची ओळ पुन्हा वाचली. समोर आत्माराम शीळ घालत पट्टी कापत होते.

"काय गं, ठरली का कंपनी?"

"दुसरी घेते. पहिलीला नको ते कळतं." बाई उठल्या. "तुम्ही शर्ट बदला. मोठ्या दवाखान्यात जायचंय."

"का, कुणाला काय झालं?"

"मला," बाई म्हणाल्या. आत्माराम शर्ट बदलायला आत गेल्यावर बाईंनी दुसऱ्या कंपनीकडे नवऱ्याच्या नावाने वर्षाची वर्गणी भरली. त्या कंपनीने काहीही न विचारता ती घेतली.