कॅप्सूलचं टरफल

रमाकांतने कॅप्सूल दोन्ही टोकांना धरून उघडली, आतली पूड चमचाभर मधात कालवली आणि रिकामं टरफल गुपचूप खिशात टाकलं. आईने चमचा चाटूनपुसून घेतला.

"औषध गोड आसा," ती म्हणाली.

लालबागच्या त्या चाळीत गंगुबाईची, म्हणजे आईची, तुळशीमाळ सगळ्यांना ठाऊक. गिरण्यांच्या संपात तिने ती घातली आणि मासळी कायमची सोडली. रमाकांत तेव्हा सहा वर्षांचा, ताई आठची. बाबांची गिरणी उघडावी म्हणून आईने विठ्ठलाला साकडं घातलंय, असंच घरात सगळे धरून चालले. गिरणी काही उघडली नाही, पण आईची माळ गळ्यात राहिली. घरच्यांसाठी मासे ती अजूनही तळायची, असे की शेजारी दारात डोकावायचे. स्वतः मात्र वरणभात कालवून बसायची.

आणि आता औषधाच्या डबीवर छापलेलं होतं की टरफल डुकराच्या जिलेटिनचं आहे.

रमाकांतला जिलेटिन नवं नव्हतं. परळच्या एका इस्पितळात त्याने उमेदीची वर्षं एक्स-रे काढण्यात घालवली. त्या फिल्मवरचा थर जिलेटिनचाच. पण मोबाइलवर शोधत बसला आणि थक्क झाला. डुकराचं कातडं उकळून निघालेली ती बेचव, पारदर्शक वस्तू कुठे कुठे जाऊन बसली होती. पोरांच्या चघळायच्या गोळ्यांत, केकवरच्या थरथरत्या थरात, फोटोच्या कागदावर. ऑपरेशनमध्ये रक्त थांबवणाऱ्या स्पंजात तर ती आपलं काम करून शरीरातच विरून जायची. ज्याच्या नावाने लोक नाक मुरडतात तो प्राणी गाजावाजा न करता माणसं वाचवत होता. रमाकांतला खरंच हात जोडावेसे वाटले. पण आईला सांगायची छाती होईना.

औषध चालू असूनही आईचं पोट दुखायचं थांबेना, ती वाळत चालली. शेवटी डॉक्टर अनुजांनी त्याला बाजूला घेतलं.

"कॅप्सूल अख्खी गिळतात ना आई?"

रमाकांतने खरं ते सांगितलं.

"काका, टरफलावर खास लेप आहे म्हणून औषध जठरातल्या आम्लातून वाचून पुढे जातं. उघडून दिलंत म्हणजे दिलंच नाही. आणि दुसऱ्या टरफलात ते येत नाही. असंच चाललं तर त्या हाती लागायच्या नाहीत."

आईला फसवून गिळायला लावणं सोपं होतं. पण इतक्या वर्षांचं व्रत आपल्या हातून मोडायचं, तेही तिच्या नकळत, हे त्याला पटेना. घरी येऊन तो तिच्यासमोर बसला आणि सगळं सांगून टाकलं. एक्स-रे, फोटो, स्पंज, सगळं.

आई कान देऊन ऐकत होती.

"तुझ्या बापाशीच्या फोटोतय ताच?"

"त्यातही असणार."

"आणि रगत थांबयता?"

"थांबवतं. काम झालं की विरघळून जातं."

"केवढा मोठा जनावर रे ता," आई हळूच म्हणाली. तिने हात पुढे केला, कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि घोटभर पाण्याबरोबर अख्खी गिळली.

रमाकांतचे डोळे भरून आले. "आई, माझ्यामुळे तुझी माळ..."

"ती माळ मी देवासाठी घालूक नाय," आई म्हणाली. "संपात घरात तीनच बांगडे येयत, आणि खाणारी आमी चार माणसा."