कप्तानबाईंचा आवाज

नाशकातल्या स्टुडिओत परदेशी अंतराळपटाचं मराठी डबिंग चाललं होतं. पडद्यावर शनीची कडी सोन्यासारखी झळाळत होती आणि त्यांतून जाणारं यान पेटलं होतं. यानाच्या कप्तानबाईंना आवाज सगुणाताईंचा. "यान मी सोडणार नाही," हे वाक्य सातव्यांदा मिळमिळीत झालं, तसा रेकॉर्डिंगवाला लखन वैतागला. "काकू, आगीत उभ्या आहात! हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं काय बोलता? ओरडा! नाहीतर मुंबईच्या बाईंना फोन लावतो." ओरडणं ताईंना जन्मात जमलं नव्हतं; पण घेतलेलं व्रतही त्यांनी कधी मोडलं नव्हतं. "अरे लखन, संकल्प कुणी ओरडून करतं का?" म्हणत त्यांनी बाटलीतलं पाणी उजव्या तळहातावर घेतलं आणि पेटत्या यानाकडे पाहत हलकेच म्हटलं, "यान मी सोडणार नाही." बोटांवरून पाणी चहाच्या बशीत ओघळलं. काचेपलीकडे लखनचाही आवाज उतरला. "कप्तान, पुढचं वाक्य घ्या."