मे महिन्याची सरासरी

देवाजी नन्नावरेने छतावरच्या हवामानयंत्राला रोजच्यासारखं ओलं गोणपाट गुंडाळलं. आज मे महिन्याचा शेवटचा दिवस. महिन्याच्या तापमानाची सरासरी हद्दीबाहेर गेली की गाव राहण्यास अयोग्य ठरायचं आणि माणसांना छावणीत नेऊन टाकायचे. नदीपलीकडचं गाव तसंच उठलं होतं. यंदा सरासरी अगदी काठावर होती. गोणपाटाची युक्ती सगळ्या गावाने मिळून ठरवलेली.

दुपारी त्याची बायको शेवंता खालून ओरडली, "मायचा घाम बंद झाला जी. मला ओळखून नाही राहिली."

आईला पाठीवर घेऊन त्याने उष्माघातापासून आसऱ्यासाठी बांधलेलं शाळेमागचं थंडघर गाठलं. लोखंडी दार बंद होतं. देवाजीच्या यंत्रात आकडा चढला तरच ते उघडायचं. दारावर अक्षरं सरकत होती, 'बाहेरचे तापमान सुरक्षित आहे.'

"मी गोणपाट काढून येतो," म्हणत शेवंता पळत सुटली.

दारापाशी जमलेले गावकरी देवाजीकडे पाहत राहिले.

आईचा गरम श्वास त्याच्या मानेला लागत होता.

"शेवंता," त्याने हाक मारली, "थांब."