पांढरी गोळी

डॉक्टर शरदचंद्र आले तेव्हा दवाखान्याचं शटर वर होतं. दाराबाहेर चपला होत्या. अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या ह्याच गाळ्यात ते तीस वर्षं बसत होते. आज सरळ आत जायचं की चपला काढून बाकावर बसायचं, हे त्यांना कळेना. हातात नवं कुलूप होतं. दवाखाना कायमचा बंद करायला ते आले होते.

त्यांची बायको कुंदा जाऊन महिना होत आला होता. घरात आता ते एकटेच होते.

आत त्यांची खुर्ची रिकामी होती. तरी पेशंट तपासले जात होते. टेबलाच्या अलीकडे प्लॅस्टिकच्या स्टुलावर बदलापूरची तरुण डॉक्टर हिमानी बसली होती. समोर बारवी धरणाकडच्या पाड्यावरून येणारी म्हातारी राजाबाई होती.

"या सर," हिमानी उठली. "किल्ली मेडिकलवाल्या मधूकडून घेतली. मंगळवार आणि शुक्रवार माझे आहेत."

क्षणभर डॉक्टरांना त्या वारांचा अर्थ लागला नाही. मग त्यांना आठवलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्ही गावांतल्या फॅमिली डॉक्टरांचं मंडळ होतं. कुणाच्या घरी दुःख झालं की बाकीचे वार वाटून घेऊन त्याचा दवाखाना चालवायचे. पेशंट तुटू द्यायचे नाहीत. त्याच्या खुर्चीत मात्र कुणी बसायचं नाही, बसायला आपलं आपण आणायचं. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या डॉक्टर भूपेशचे वडील गेले तेव्हा ते स्वतः घडीची खुर्ची घेऊन त्याच्या दवाखान्यात गेले होते. नियम माहीत होता. तो आपल्यालाही लागतो, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"मी बंद करतोय," ते म्हणाले. "मंडळाला सांग. उद्यापासून कुणी येऊ नका."

"असं म्हणणाऱ्याचं पहिले तीन महिने ऐकायचं नाही, असं मंडळात ठरलंय. तुम्हीही हात वर केला होता, सर."

"मी?"

"मी तुमच्या मागच्याच ओळीत होते."

त्यांना हात वर केल्याचं आठवेना. कदाचित चहा आला असेल तेव्हा. हिमानीने त्यांना खांद्याला धरून तपासायच्या बाकड्यावर बसवलं. "आणि तुमचं प्रेशर बघायचं ठरलंय. तुम्ही घरी दार उघडत नाही. आज सापडलात."

राजाबाई उठून बाहेर गेली नाही. तिने आपलं स्टूल थोडं सरकवलं, एवढंच.

पट्टा फुगला, सुटला. हिमानीने पुन्हा फुगवला. आकडा तिने सांगितला नाही. डॉक्टरांना तो तिच्या तोंडावर दिसला.

"सर, प्रेशरची गोळी कुठली घेता?"

रोज सकाळी चहाच्या कपाआधी कुंदाचा हात पुढे यायचा. डॉक्टर तळहात पसरायचे, गोळी तोंडात टाकायचे, पेपर वाचायचे. कधीतरी त्यांनीच ती लिहून दिली असणार. मध्ये बदललीही असेल.

"पांढरी," ते म्हणाले.

राजाबाई खुदकन हसली. "आन मी पांढरी म्हनली का मना वराडायचे! पांढरी म्हंजे कुटली, साकर बी पांढरी, चुना बी पांढरा!"

बाहेर बाकावरही कुणीतरी हसलं. डॉक्टर ओशाळले. मग ते स्वतःच थोडं हसले आणि आपण हसलो कसे, हे न समजून थांबले.

"एक की दोन?" हिमानीने विचारलं.

"तेही माहीत नाही."

"शेवटची कधी घेतली?"

डॉक्टर बोटांवर दिवस मोजू लागले. हिमानीने भूपेशला फोन लावला, आकडा हळू आवाजात सांगितला आणि फोन डॉक्टरांच्या कानाला धरला.

"मी ठीक आहे रे," डॉक्टर म्हणाले. "मी बघतो माझं."

"अरे यार, तीस साल बहुत देख लिया," पलीकडून भूपेश म्हणाला. "अभी तू पेशंट है. पेशंट चुप बैठता है."

ते चूप बसले. हिमानीने कार्डिओग्राम काढला. तो बरा होता. मधूकडून गोळी आणून तिने त्यांच्यापुढे धरली. डॉक्टरांनी आपोआप तळहात पसरला. गोळी हातात पडली, पण त्यांनी ती तोंडात टाकली नाही. राजाबाईने पाण्याचा ग्लास त्यांच्या हातात दिला, तेव्हा त्यांनी ती घेतली.

"ही रोज सकाळी. उद्या भूपेशसर घरी येतील, त्यांना दार उघडा. घरातली जुन्या गोळ्यांची पट्टी शोधून ठेवा."

"कुंदा ती कुठे ठेवते, मला माहीत नाही."

हिमानी कागदावर लिहीत होती. "मंगळवारी परत दाखवा. आणि येताना घरातलं कुणीतरी बरोबर आणा," ती म्हणाली. सगळ्याच म्हाताऱ्या पेशंटना ती हे सांगायची. वाक्य संपल्यावर तिचं पेन थांबलं.

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं. कोणाला आणायचं, ह्याचा ते खरोखरच विचार करत होते.

"मी येते," राजाबाई म्हणाली. "आदी तुमचा दाखवू. मंग तुमी माजा बघा. या पोरीला मी नाय सांगाची."

"का? तुम्हाला काय होतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते मंगलवारी सांगन," असं म्हणून ती पिशवी उचलून निघाली.