चवीचा लेख

"छान झालाय," वैजयंती बेंद्रे म्हणाली आणि रिकामा कप तिने बशीत ठेवला. नाशकात दुपारचा चहा कुठे घ्यावा, हे ती नऊ वर्षं दर रविवारी वर्तमानपत्रात लिहीत होती. चार महिन्यांपूर्वी तिला ताप आला. तो उतरला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. हे तिने घरीही सांगितलं नव्हतं. जुन्या लेखांतली विशेषणं ती नव्या हॉटेलांना लावत राहिली. सुरुवातीला त्याचं वाईट वाटायचं, आता तेही वाटेनासं झालं होतं.

हॉटेलच्या मालकीणबाई, इंदुताई, स्वतःचा कप घेऊन समोर बसल्या. पहिल्याच घोटाला त्यांनी तोंड वाकडं केलं.

"अहो, माझ्या हातून साखरेऐवजी मीठ पडलंय. आणि तुम्ही सगळा प्यायलात?"

इंदुताईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"कधीपासून असं?"

"चार महिने झाले." हे सांगताना रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

इंदुताई आत गेल्या. नव्याने चहा टाकून त्यांनी कप तिच्या हातात दिला.

"गरम लागतोय ना?"

"हो."

"मग सावकाश प्या. घाई नाही."

ती तासभर बसून राहिली. चहा निवला तरी कप तिच्या हातातच होता.

रविवारच्या लेखात तिने एवढंच लिहिलं, "इथे चहा गरम मिळतो. मला चव कळत नाही, हे मी पहिल्यांदा इथे सांगितलं."