बायकांच्या नाताळचा फोन

“आता खोकून दाखव,” मॅलकी म्हणाला.

फिलोमिना खोकली.

“हळू. ब्रीजीचा खोकला असा मालगाडीसारखा नव्हता.”

“मग तूच बोल बायकी आवाज काढून. मी चहा करते.” मग तिला आठवलं. “नाही, चहा तूच कर. आज आम्ही बसायचं.”

सहा जानेवारी, बायकांचा नाताळ. आयर्लंडमध्ये या दिवशी बायका चुलीपाशी जात नाहीत. बॉस्टनला आल्यापासून ब्रीजी दर वर्षी याच दिवशी आईला फोन करायची. मॅलकी भांडी घासायचा आणि ती खिडकीपाशी बसून बोलत राहायची.

ब्रीजी नोव्हेंबरात गेली. जाण्याआधी तिनं नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. “आईला कळू देऊ नकोस. तिचं हृदय दमलंय. तिचा हा नाताळ नीट जाऊ दे, मग सांग.”

मॅलकीनं शब्द दिला होता. तिकडे तिच्या माहेरी, आयर्लंडमधल्या क्लेअर परगण्यात, त्यानं कुणालाच कळवलं नाही. ब्रीजीची बहीण नोरीन आईजवळ राहायची, तिलासुद्धा नाही. नोरीनच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं ब्रीजीच म्हणायची. ऑगस्टमध्ये ब्रीजीचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यानं नोरीनला फोनवर बजावलं होतं, ब्रीजीला धक्का बसेल असं काही कळवू नका, डॉक्टरांनी सांगितलंय. त्यानंतर ती बरी होतेय, एवढंच तो सांगत आला होता.

आता उरला होता हा एक फोन.

फिलोमिना ब्रीजीची मैत्रीण, क्लेअरचीच, शेजारच्या गावची. बोलण्याची ढब तीच. शिवाय म्हातारी बहिरी होती. प्रत्येक वाक्य तिला दोनदा सांगावं लागे. सगळी मदार त्यावरच होती.

“इथं बॉस्टनच्या डॉर्चेस्टरमध्ये राहणाऱ्या अर्ध्या क्लेअरला मी गप्प बसवलंय,” फिलोमिना म्हणाली. “आता एका म्हातारीला काय घाबरायचं?”

“कार्डाला,” मॅलकी म्हणाला.

घरात मरण झालं की त्या वर्षी त्या घरातून नाताळचं कार्ड जात नाही. गावाकडे हे सगळे जाणतात. दर डिसेंबरात दोन्ही घरांची कार्डं समुद्रावर एकमेकांना ओलांडून जायची. या वर्षी इथून गेलं नव्हतं. फोनवर खोटं बोलायला मॅलकी तयार होता, पण कार्डावर ब्रीजीचं नाव लिहायला त्याचा हात धजावला नाही. म्हातारीनं विचारलं तर पोस्टात गहाळ झालं म्हणायचं, असं त्यांनी ठरवलं होतं.

त्यानं नंबर फिरवला. एरवी नोरीन अंगणातून धावत येईपर्यंत घंटा वाजत राहायची. आज पहिल्याच घंटेला फोन उचलला गेला.

“हॅलो?” घोगरा, थकलेला आवाज.

“आई, मी मॅलकी.”

“मॅलकी. बरा आहेस ना?”

लग्न झाल्यापासून म्हातारीनं त्याला नावानं कधी हाक मारली नव्हती. ‘केरीवाल्या, अजून कुणी हाकललं नाही का तुला तिथून?’ अशी शेजारच्या केरी परगण्यातल्या या जावयाशी तिची सुरुवात असायची. वय झालं, त्याला वाटलं.

“नोरीन कुठंय?”

“गेलीय बायकांबरोबर. आज तिचा दिवस ना.” आवाज थोडा अडला. “ब्रीजीला दे.”

फिलोमिनानं रिसीव्हर घेतला. मॅलकीनं आपला कान त्याला टेकवला. ती खोकली, आता अगदी बरोबर.

“आई, घसा बसलाय. फार बोलता येत नाही.”

भीतीनं ती नुसतीच कुजबुजली होती. मॅलकीनं हातानं खूण केली, मोठ्यानं बोल.

“नको बोलूस, पोरी. मी बोलते. जेवण जातं का?”

“जातं.”

“खोटं नाही ना सांगत?”

मॅलकीच्या मुठीत फोनची तार आवळली गेली.

“नाही, आई. मॅलकी भरवतो. केरीचा माणूस, बटाटे उकडण्यापलीकडे अक्कल जात नाही.”

तिकडून हसू आलं आणि मध्येच तुटलं.

“तुझे सांधे कसे आहेत?” फिलोमिनानं विचारलं.

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

“आता काही दुखत नाही,” आवाज म्हणाला. “माझी काळजी करू नकोस. तू आधी बरी हो. उन्हाळ्यात ये, मग सगळं बोलू.”

“येईन.”

“ठेवते गं.”

फोन बंद झाला. मॅलकी खुर्चीत बसला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

“कार्डाचं काढलंच नाही तिनं.”

“नाही काढलं.”

“ब्रीजीला दिलेला शब्द पाळला मी.” त्यानं डोळे पुसले आणि चहा ओतायला उठला. “आठवड्याभरानं नोरीनला सांगतो. ती सांभाळून घेईल म्हातारीला.”

फिलोमिना फोनकडे बघत होती. “बहिरी म्हणालास ना तू?”

“ठार.”

“मी कुजबुजत होते. एकदाही ‘काय’ म्हणाली नाही ती.”

“लाइन चांगली असेल.”

“असेल.”

नाताळची सजावट आज उतरवायची असते. या घरात ती लागलीच नव्हती. काहीच ठाऊक नसलेल्या गावाकडच्यांची कार्डं तेवढी आली होती, आणि मॅलकीनं ती न फोडता टेबलाच्या खणात टाकली होती. फिलोमिनानं खण ओढला आणि एकेक पाकीट पाहू लागली. डेलिया मावशी. जुने मास्तर. गावातला खाटीक. गठ्ठा संपला तसा तिनं तो पुन्हा पहिल्यापासून पाहिला, या वेळी सावकाश.

मॅलकीनं तिच्यापुढं कप ठेवला. तिनं तो उचलला नाही.

“मॅलकी,” ती म्हणाली, “आपलं कार्ड का गेलं नाही, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यांचं का आलं नाही?”